इंग्लंडमधल्या अलॉटमेंटवर (भाजीपाल्यासाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर) बटाटे, मेथी आणि दुधी वसंतात कधी लावावेत?

मार्चअखेर फक्त लवकर येणारे बटाटे लावा, दुधीची घाई अजिबात नको. कोंब आलेलं बेणं १२ सेंमी खोल, दोन बेण्यांत ३० सेंमी आणि दोन ओळींत ६० सेंमी अंतर. पाला २० सेंमी झाला की मातीची भर द्या. उघडे पडलेले बटाटे उन्हाने हिरवे होतात आणि ते खाऊ नयेत. मेच्या मध्यापर्यंत रात्री फ्रॉस्ट (गोठलेलं दंव) पडू शकतं, म्हणून फ्लीस (रोपांवर पांघरायचं हलकं कापड) हाताशी हवंच.

मेथी एप्रिलमध्ये थेट वाफ्यात, १ सेंमी खोल.

दुधी एप्रिलच्या मध्याला घरात उबेला रुजवा. रोपं आठ-दहा दिवस दिवसा बाहेर, रात्री आत ठेवून सरावली की जूनमध्ये, शक्यतो पॉलिटनलमध्येच (प्लास्टिकने झाकलेल्या बोगद्यासारख्या मांडवात) लावा. थंड, ओल्या मातीत मुळं कुजतात. गोगलगायी मात्र अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन वेचा.