भरतं कोण, मारतं कोण? ‘स्वयंचलित’ रायफलीची शब्दचर्चा

गडचिरोलीतल्या आरमोरीकडचा एक मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो आहे. त्यानं विचारलंय: “सराव प्रश्नसंचात एसएलआर ही अर्धस्वयंचलित रायफल आहे, असं उत्तर दिलंय. पण चकमकीच्या बातमीत ‘एसएलआर व इतर स्वयंचलित रायफली जप्त’ असं वाचलं. खरं काय? सैन्याची ती स्वयंचलित आणि साध्या माणसाची ती अर्धस्वयंचलित, असा फरक असतो का? आणि आमच्या गावाकडे ज्याला भरमार म्हणतात, तिला पुस्तकी मराठीत काय म्हणायचं?”

प्रश्नसंच बरोबर आहे, बातमी चूक आहे. सैन्य आणि साधा माणूस ही वाटणी मात्र दिसते तितकी सरळ नाही. मी तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या गोंधळाची किल्ली तुझ्याच गावच्या शब्दात आहे.

भरमार म्हणजे ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी किंवा बोळा घालायचा, छर्रे टाकायचे, गजानं ठासायचं आणि मग बार काढायचा. ‘ठासणीची’ हा पुस्तकी मराठीतला शब्द चांगलाच आहे, पण तो एकच क्रिया सांगतो. गडचिरोलीच्या ‘भरमार’मध्ये दोन क्रिया शेजारी बसल्या आहेत: भर आणि मार. गडचिरोलीबाहेरच्या वाचकाला या शब्दानं ‘रेलचेल’ आठवते आणि ‘भरमार बंदुका’ म्हणजे पुष्कळ बंदुका असं वाटतं. तुम्हा लोकांना तसं वाटत नाही, आणि मला या शब्दाचं फार मोल वाटतं. जगातली कुठलीही बंदूक घे, तिला दोनच प्रश्न विचार: भरतं कोण, आणि मारतं कोण?

भरमारीत दोन्ही कामं माणसाची. पोलिसांची जुनी .303 घे. तिच्या पेटीत 10 गोळ्या मावतात, पण प्रत्येक गोळीनंतर बोल्टचा दांडा हातानं मागे ओढून पुढे ढकलावा लागतो, तेव्हा रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं नळीत जातं. म्हणजे भरणं सोपं झालं, तरी ते हाताचंच राहिलं. 1962 च्या चीन युद्धात आपले जवान हीच रायफल घेऊन हिमालयात उभे होते.

एसएलआरमध्ये पहिलं काम यंत्राकडे गेलं. नावातच ते सांगितलंय: सेल्फ लोडिंग रायफल, स्वतः भरून घेणारी. गोळी नळीतून पुढे जात असताना तिच्यामागच्या वायूचा थोडा भाग वरच्या एका छोट्या भोकातून दट्ट्यावर येतो. दट्ट्या मागे जातो, रिकामं काडतूस उडतं, स्प्रिंग सगळं पुन्हा पुढे ढकलते आणि पेटीतली पुढची गोळी नळीत जाऊन बसते. इथवर सगळं आपोआप. पण पुढची गोळी सुटण्यासाठी बोट चापावरून सैल करून पुन्हा ओढावं लागतं. भर यंत्राची, मार माणसाची. एके-47 मध्ये एकेक की सतत हे ठरवणारा खटका योग्य जागी ठेवला की दुसरं कामही यंत्र करतं. चाप दाबून धरला आहे आणि पेटीत गोळ्या आहेत, तोवर ती भरत आणि मारत राहते, मिनिटाला सुमारे 600 च्या वेगानं. पेटीत 30 च गोळ्या असल्यामुळे तो वेग तीनेक सेकंदच टिकतो, हे वेगळं.

वर्गात हे समजावायचं तर ग्रामपंचायतीच्या टेबलावरचा स्टेपलर दाखव. एकदा दाबला की एक पिन, आणि पुढची पिन स्प्रिंगनं आपसूक जागेवर येते. पण तुम्ही पुन्हा दाबत नाही तोवर ती कागदात शिरत नाही. ही झाली एसएलआर. मोटर लावलेली शिलाई मशीन म्हणजे एके: पायाखालची पट्टी दाबून ठेवली की टाके पडतच राहतात. हातातली सुई म्हणजे .303.

आता ‘स्वयंचलित’ या शब्दाची अडचण लक्षात येईल. काय ‘स्वयं’, ते तो सांगतच नाही. एसएलआरमध्येही काहीतरी स्वयं चालतं, म्हणून वार्ताहराचा हात सहज तो शब्द लिहून जातो. वार्ताहराला एकट्याला दोष देऊ नये, कारण हा घोळ इंग्रजीतून आलेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत ‘ऑटोमॅटिक’ म्हणजे आपोआप भरली जाणारी, एवढाच अर्थ पुष्कळदा होता. .32 एसीपी किंवा .45 एसीपी या काडतुसांच्या नावातलं ‘ए’ हे ऑटोमॅटिकचं: ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल. पण ती पिस्तुलं एका ओढीला एकच गोळी सोडतात. पुढे ऑटोमॅटिकचा अर्थ ‘सतत मारणारी’ असा घट्ट झाला आणि जुन्या अर्थासाठी ‘सेमी’ हा उपसर्ग लावावा लागला. मराठीनं दोन्ही अर्थ एकाच ‘स्वयंचलित’मध्ये कोंबले आणि ‘सेमी’साठी ‘अर्ध’ घेतला. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं, ही अर्ध्या ताकदीची किंवा अर्ध्या वेगाची बंदूक. तसं काही नाही. एसएलआरची 7.62 × 51 ची (गोळीची जाडी आणि पुंगळीची लांबी, मिलिमीटरमध्ये) गोळी एके-47 च्या 7.62 × 39 च्या गोळीपेक्षा बरीच जोरकस आहे. अर्धं आहे ते फक्त कामाचं वाटप.

म्हणून माझं मत असं: ‘अर्धस्वयंचलित’ परीक्षेत लिही, तो रूढ आहे. पण समजावून सांगताना ‘स्वभरणी रायफल’ म्हण. मूळ नावाचा तोच नेमका अर्थ आहे आणि भरमारीतला ‘भर’ त्यात जिवंत राहतो.

सैन्य आणि साधा माणूस या प्रश्नाकडे येतो. एसएलआर स्वतः सैन्याची रायफल होती, 1971 च्या युद्धात आपल्या जवानांच्या हातात तीच होती, आणि तरी ती एका ओढीला एकच गोळी मारणारी. तिची मूळ आवृत्ती बेल्जियमची एफएएल. त्यात सतत माऱ्याची सोय होती. ब्रिटननं आणि आपण आपल्या पायदळासाठी ती सोय काढून रायफल बनवली. आपली ईशापूरला तयार होई. इतकी जोरकस गोळी सतत सुटली की नळी वर उचलते, नेम राहत नाही आणि गोळ्या वाया जातात. 1982 च्या फॉकलंड युद्धात तर एकाच घराण्यातल्या रायफली समोरासमोर होत्या: अर्जेंटिनाची सतत मारणारी, ब्रिटिशांची एकेक मारणारी. तेव्हा ‘सैन्याची म्हणजे स्वयंचलित’ हे समीकरण पुसून टाक.

तरी फरक असतो, आणि तो अमेरिकेच्या बातम्यांमध्ये सारखा येतो. तिथली एआर-15 आणि सैन्याची एम-16 शेजारी ठेवल्या तर बाहेरून जुळ्या बहिणी. फरक पोटात आहे. सैन्याच्या रायफलीत नळी बंद होताक्षणी घोडा (काडतुसावर आघात घडवणारा भाग, चाप नव्हे) पुन्हा सोडणारा एक जादा भाग असतो. नागरी रायफलीत तो नसतो आणि त्याच्यासाठी जागाही ठेवलेली नसते. नागरी रायफलीचा खटका दोनच जागी थांबतो, बंद आणि चालू. सैन्याच्या खटक्याला तिसरी जागा असते. नळीची लांबीही वेगळी: अमेरिकी कायद्यात 16 इंचांपेक्षा आखूड नळीच्या रायफलीवर वेगळी बंधनं आहेत, म्हणून नागरी नळी साधारण तेवढी तरी लांब असते, तर सैन्याच्या एम-4 या आखूड रायफलीची साडेचौदा इंच आहे. आणि ‘एआर’ म्हणजे ‘असॉल्ट रायफल’ नव्हे. ते आर्मालाइट या कंपनीचं नाव आहे. आपल्याकडे भल्याभल्यांनी हे चुकीचं छापलंय.

‘असॉल्ट रायफल’ आणि अमेरिकी ‘असॉल्ट वेपन’ हेही दोन शब्द आहेत. पहिला यंत्राचं वर्णन करतो: मध्यम ताकदीची गोळी, सुटी पेटी, आणि एकेक किंवा सतत असा निवडीचा खटका. दुसरा कायद्याचा शब्द आहे. 1994 ते 2004 या काळात तिथे जी बंदी होती, तिच्यात दुमडणारा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन लावायची खोबण अशा बाह्य खुणा मोजल्या जात. मराठीत दोन्हींचं ‘हल्ल्याची रायफल’ केलं की वाचकाच्या हाती काहीच लागत नाही.

आपल्या देशात ही रेघ आणखी एका ठिकाणी ओढली आहे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 2 मध्ये निषिद्ध शस्त्राची व्याख्या आहे. तिचा मथितार्थ असा: चाप दाबला की तो सोडेपर्यंत किंवा पेटी रिकामी होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात, असं अग्निशस्त्र. बघ, कायद्यानंसुद्धा ‘मारतं कोण’ हाच प्रश्न विचारलाय. सरकार अधिसूचनेनं आणखी शस्त्रंही त्यात घालू शकतं, पण व्याख्येचा गाभा हा. पंचनाम्यात ‘स्वयंचलित’ हा शब्द सैलपणानं पडला तर तो नुसता भाषेचा दोष राहत नाही, म्हणून मी या शब्दासाठी इतका हट्ट धरतो.

दुसरी रेघ गोळीच्या मापाची. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) पीक लोळवतात म्हणून ज्यांनी परवाने काढले, त्यांच्याकडे बहुधा बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी असते. यातला ‘बारा’ हा मिलिमीटर नव्हे: त्या नळीत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या 12 गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं. आणि .315 ची परवान्याची रायफल घडणीनं सैन्याच्या .303 ची बहीणच आहे. माप तेवढं वेगळं, म्हणजे सैन्याची गोळी तिच्यात चालू नये.

भरतीच्या पोरांकडून इन्सास या आपल्या सैन्याच्या रायफलीबद्दल नेहमी येणारा प्रश्नही इथेच घेतो. तिला एका ओढीला एक किंवा तीन गोळ्या अशी सोय होती. या तीन गोळ्यांच्या ‘बर्स्ट’ला मराठीत काय म्हणायचं? ‘फैर’ जवळचा वाटतो, पण सलामीच्या तीन फैरी आपण अनेक बंदुकांच्या मिळून मोजतो, तेव्हा घोटाळा होईल. मला आपल्या पावसाचे शब्द आवडतात. एकेक गोळी हा थेंब, तीन गोळ्यांची सर, आणि चाप धरून ठेवला की झड. विदर्भात झड लागली म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

लेखनाचं एक राहिलं. ‘स्वचालित’ हे हिंदी रूप आहे, नागपूरच्या हिंदी पेपरांतून ते आपल्या लिहिण्यात शिरतं. मराठीत ‘स्वयंचलित’ रूढ आहे, ‘च’ला काना नाही. ‘अर्धस्वयंचलित’ एकच शब्द, मध्ये रेघ न देता लिही. आणि कुणी ‘भरमार’ गावठी म्हणून खोडलं तर पुन्हा लिही, कंसात ‘ठासणीची बंदूक’ घाल.