जखम भरली, तरी लस कशाला?

प्रश्न: माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या पोटरीला गल्लीतलं कुत्रं चावलं, रक्त आलं. सासूबाईंनी लगेच हळद-चुना भरला. सरकारी दवाखान्यात जखमेत सीरम आणि दंडात लस दिली, तिसऱ्या दिवशीची लसही झाली. आता जखम सुकली आहे, ताप नाही, पोरगं खेळतंय. कुत्रं मात्र पुन्हा दिसलं नाही. घरातले म्हणतात, आता पुरे. विषाणू शरीरात असता तर काहीतरी जाणवलं नसतं का?
— एक आई, सिन्नर

उत्तर: ताई, पत्र वाचताच संपादकांकडून तुमचा नंबर घेऊन मी फोन केला होता, त्यामुळे सातव्या दिवशीची लस झाल्याचं मला ठाऊक आहे. पण हा प्रश्न पुष्कळ घरांत पडतो, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

रेबीजच्या विषाणूला जखमेशी फारसं देणंघेणं नसतं. त्याला हवी असते मज्जातंतूची पेशी. लाळेतून तो स्नायूत उतरतो आणि स्नायू व मज्जातंतू जिथे भिडतात तिथे आपल्या काट्यांनी पेशीला चिकटतो. पेशी त्याला स्वतःच आत ओढून घेते, एका इवल्याशा पिशवीत. पिशवीतलं आम्ल वाढलं की काट्यांचा आकार बदलतो, विषाणूचं आवरण पिशवीच्या भिंतीत मिसळून जातं आणि त्याचा आरएनए, म्हणजे त्याच्या सगळ्या सूचना लिहिलेला धागा, मोकळा होतो. सुमारे १२,००० अक्षरांचा हा आरएनए, त्यात फक्त ५ प्रथिनांची माहिती. बाकी सगळी सामग्री आपल्या पेशीची. तिच्याच यंत्रणेकडून तो आपल्या प्रती काढून घेतो.

त्याआधी मेंदूपर्यंतचा प्रवास असतो. मज्जातंतूत मालाची ने-आण सतत चालू असते; पेशीच्या त्याच वाहतुकीवर स्वार होऊन तो वर सरकतो, दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर. म्हणून बहुतेकांना लक्षणं १ ते ३ महिन्यांनी दिसतात, क्वचित वर्षानंतरही. चावा चेहऱ्यावर असेल तर वाट छोटी, वेळ कमी. या काळात तो मज्जातंतूच्या आत असतो, रक्तात फिरत नाही, त्यामुळे शरीराची संरक्षण यंत्रणा जागीच होत नाही. ताप नसण्याचं कारण हेच. मुलगा खेळतोय याचा आनंद आहेच, पण त्यावरून विषाणू गेला असं कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही.

लस हीच यंत्रणा जागी करते. तिच्यात मारलेला विषाणू असतो; तो पाहून शरीर प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला अडवणारी प्रथिनं, बनवायला लागतं, पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवरची निकड जखमेतलं सीरम भागवतं, कारण त्यात तयार प्रतिपिंडंच असतात. त्वचेत देतात त्या पद्धतीत पहिल्या लसीचा दिवस शून्य धरून दिवस असतात ०, ३, ७ आणि २८. शेवटचीही चुकवायची नाही.

मी निवासी डॉक्टर असताना संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डात हा आजार पाहिला आहे. रुग्ण शुद्धीवर असतो, तहानलेला असतो, आणि पाण्याचा पेला ओठांशी नेला की घसा आवळतो. विषाणू तेव्हा मेंदूतून लाळग्रंथींत उतरलेला असतो. लक्षणं सुरू झाल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. त्या वॉर्डातल्या नातेवाइकांचे चेहरे मी विसरलेले नाही, म्हणूनच इतक्या कळकळीने सांगते आहे.

सासूबाईंनी काळजीपोटीच चुना लावला, पण त्याने जखम अधिक चिघळते. विषाणूचं बाहेरचं आवरण स्निग्ध असतं, साबणाने ते फाटतं. म्हणून चावल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं. साधा कपड्यांचा साबणही चालतो. पोटात १४ इंजेक्शनांची भीती जुन्या लोकांच्या मनात अजून आहे. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस आपल्याकडे केव्हाच बंद झाली.

आणखी एक काम तुम्हीच करू शकाल. ते कुत्रं गल्लीत आणखी कुणाला चावलं का, एखाद्या मुलाची खरचटलेली जागा त्याने चाटली का, याची घरोघरी चौकशी करा. असं कुणी सापडलं, तर बरेच दिवस उलटले असले तरी त्यांना दवाखान्यात पाठवा. लस तेव्हाही सुरू करता येते.