दाढा गेल्या, कळ तिथेच

प्रश्न : मॅडम नमस्कार. माझी आई ५८ वर्षांची, आम्ही रावेरकडचे. दीड वर्ष झालं, डाव्या गालात करंट लागल्यासारखी कळ येते, तोंड धुताना, भाकरीचा घास चावताना. तीन दाढा काढून झाल्या, कळ आहे तिथेच, आता चौथी काढू म्हणताहेत. दुसरं असं की मुलीची बीडीएसची इंटर्नशिप सुरू आहे आणि तिला चेहऱ्याच्या दुखण्यातच काम करायचंय. असं वेगळं शिक्षण असतं का? पोटापाण्याला पुरेल का?

उत्तर : भाऊ, चौथी दाढ आधी थांबवा, बाकीचं नंतर बोलू.

दाढेचं दुखणं ठणकतं, रात्री झोपू देत नाही, गरम-गार लागलं की बराच वेळ राहतं. तुम्ही लिहिताय ती कळ काही सेकंदांची, फार तर दोनेक मिनिटांची, मध्ये एकदम शांत, आणि नुसता हात किंवा वारा लागला तरी सुरू. हे ट्रायजेमिनल न्यूराल्जिया असू शकतं, म्हणजे चेहऱ्याच्या पाचव्या नसेचं दुखणं. बऱ्याच जणांत मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी त्या नसेला घासत असते. मी तर पेशंट बाकावर बसलेला असतानाच अंदाज बांधते, दाढवाला गाल तळहाताने दाबून धरतो आणि हा नसवाला हात गालापासून बोटभर लांब धरून दाखवतो, लावत नाही. एक काका तर अर्धीच दाढी करून आले होते, दुसऱ्या बाजूला ब्लेड लावायची हिंमतच नाही.

आईला न्यूरॉलॉजिस्टकडे न्या, ते बहुतेक एमआरआय सांगतील. साध्या पेनकिलरने ही कळ सहसा हलत नाही, यावर पहिलं औषध कार्बामाझेपिन, मूळची फिटची गोळी, १९६२ पासून या कळीसाठी ओळखीची. थोड्या डोसने सुरू करून वाढवतात. सुरुवातीला चक्कर, झोप येते, रक्तातलं सोडियम उतरू शकतं म्हणून तपासण्या चुकवू नका, अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. गोळ्यांनी भागलं नाही तर ऑपरेशनही आहे, पण ते पुढचं.

आधीच्या डॉक्टरांना फार बोल लावू नका. धुळ्यात नवी लेक्चरर असताना मीही एका आजीबाईंची धडधाकट दाढ काढलीय. धुऊन हातात धरली तर कुठे कीड नाही, मुळं स्वच्छ. आठवड्याने आजी परत, "माय, दाढ गयी, पन दुखनं तठेच शे." तेव्हापासून या विषयाच्या मागे लागले ती आजपर्यंत.

आता मुलीचं. आपल्याकडे ओरोफेशियल पेनचं, म्हणजे तोंड-चेहऱ्याच्या दुखण्याचं, स्वतंत्र एमडीएस (बीडीएसच्या पुढची पदवी) नाही, जवळची शाखा ओरल मेडिसिन अँड रेडिओलॉजी, नीट एमडीएस ही प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षं. अमेरिकेत २०२० साली या विषयाला दंतवैद्यकाची बारावी स्पेशालिटी म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे तिथेही उशीरच झाला म्हणायचा. पैशाचं खरं सांगते, इम्प्लांटवाल्यांइतका मिळत नाही, एका पेशंटला पाऊण तास नुसतं ऐकत बसावं लागतं आणि त्याचे पैसे द्यायला लोक कुरकुर करतात, "काहीच तर केलं नाही" म्हणून. कॉलेजची नोकरी आणि संध्याकाळी कन्सल्टिंग, माझं घर त्यावर चाललं. शिकवताना मी पोरांना पहिले पंधरा दिवस कशालाच हात लावू द्यायचे नाही, फक्त हिस्ट्री लिहा, एका बोटाने जागा दाखवायला सांगा, जबड्याचे स्नायू चाचपा. पोरं जाम वैतागायची. गंमत म्हणजे परीक्षेच्या दिवसांत दात आवळून त्यांचेच जबडे आखडायचे, मग एकमेकांचे चाचपायला फुकटचे पेशंट मिळायचे.

न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना जुने सगळे एक्सरे न्या, काढलेल्या तीन दाढांचेही. मुलीलाही सोबत घ्या आणि आजीची हिस्ट्री तिलाच लिहू द्या, कळ किती सेकंद टिकते ते घड्याळ लावून.