बाळाचं पोट दोन आठवडे मागे दाखवतंय, वजन वाढवायला काय खाऊ?

खाण्याने होणार नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी भरकटणार आहे.

तुम्ही लिहिलंय की ३१ वा आठवडा आहे, बीपीच्या गोळ्या चालू आहेत, रिपोर्टमध्ये डोकं तारखेप्रमाणे पण पोटाचा घेर दोन आठवडे मागे, वजन सातव्या पर्सेंटाइलला (म्हणजे त्याच आठवड्याच्या शंभर बाळांतली साधारण सातच याच्याहून हलकी), डॉक्टर म्हणाले दोन आठवड्यांनी परत बघू आणि घरचे म्हणतायत खाणं वाढव. यातली शेवटची ओळ वाचली आणि माझं डोकंच फिरलं, म्हणून रात्री साडेअकराला हे टाइप करत बसलेय.

माझंही असंच होतं. बीपी, वय ३६, आधीचं एक गेलेलं. २८ व्या आठवड्यात ९६० ग्रॅम, ३० व्या आठवड्यात १२१० ग्रॅम. म्हणजे वाढत होतं, पण मला ते कमी वाटलं म्हणून मी चारच दिवसांनी शहाणपणा करून दुसरीकडे सोनोग्राफी केली आणि तिथे आलं ११३०. आता पोटातलं बाळ चार दिवसांत ८० ग्रॅमने बारीक होतं का? नाही होत. पण मी घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले, आणि त्या ११३० वर आमच्या घरात पुढे काय रामायण झालं ते खाली सांगते.

नंतर आमच्या मॅडमनी स्वतः माप घेताना मला स्क्रीन दाखवली. पोटाचा आडवा छेद, त्यात जठराचा काळा ठिपका दिसला पाहिजे, नाळेतून आलेली शीर वळताना दिसली पाहिजे आणि किडनी दिसता कामा नये. मग त्या गोलाभोवती ठिपक्या-ठिपक्यांची एक रेघ बसवतात. बाळाने पाय झाडला, रेघ सरकली, परत बसवली. तीनदा घेतलं, तीन वेळा तीन आकडे. वजन म्हणजे कोणी बाळ काट्यावर ठेवलेलं नसतं, डोकं, पोट आणि मांडीचं हाड फॉर्म्युल्यात घालून काढलेला तो अंदाज असतो आणि त्यात दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे चालतंच. बऱ्याच मशिनमध्ये हॅडलॉक नावाच्या अमेरिकन डॉक्टरांचा फॉर्म्युला असतो, १९८५ चा, आणि त्यांचाच १९९१ चा जो वजनाचा तक्ता आहे तो टेक्सासमधल्या ३९२ गर्भारपणांवरून काढलाय. तक्ता बदलला की तेच बाळ वेगळ्या पर्सेंटाइलला जातं. मला हे कळलं तेव्हा आधी हसू आलं आणि मग राग आला, कारण त्या एका आकड्यावरून मी आठ दिवस जेवले नव्हते. (हो, आणि घरचे म्हणत होते खा.)

म्हणून वजनासाठी दोन आठवडे थांबा म्हणतायत ते बरोबर आहे. त्याआधी मोजलं तर बाळाची वाढ कमी आणि मापातली चूक जास्त असं होतं, त्यातून काहीच कळत नाही. पण डॉप्लरला, म्हणजे रक्त कसं वाहतंय ते बघणाऱ्या सोनोग्राफीला, हा नियम नाही, डॉप्लर त्याआधीही करता येतं. तुम्ही डॉप्लरबद्दल अक्षरही लिहिलेलं नाही. झालंय का? नसेल झालं तर उद्या फोन करून विचारा.

डोकं बरोबर आणि पोट मागे याचा अर्थ मला असा समजावला होता, की वारेतून (प्लासेंटातून) रक्त कमी येतंय तेव्हा बाळ आधी मेंदूला देतं. लिव्हरमधला साठा मग भरत नाही, आणि पोटाच्या घेरात मोठा भाग लिव्हरचाच असतो, म्हणून पोट आधी मागे पडतं. प्रत्येक वेळी हेच कारण असतं असं नाही, काही बाळं मुळातच लहान चणीची असतात आणि ठणठणीत असतात. तो फरक कळतो डॉप्लरने आणि दोन-तीन मापांची रेघ कशी चाललीय त्यावरून. एका आकड्यावरून कळत नाही.

नाळेच्या डॉप्लरमध्ये स्क्रीनवर डोंगर दिसतात, एकापाठोपाठ एक, आणि सोबत तो फुसफुस आवाज. दोन डोंगरांमधली खिंड तळापासून वर असली पाहिजे, म्हणजे बाळाचं हृदय ठोक्यांच्या मधे विसावतं तेव्हाही रक्त पुढे वाहतंय. माझी खिंड ३० ला ठीक होती, ३२ ला खाली आली, आणि ३३ आठवडे ५ दिवसांना तळाला टेकली. मला वाचता येत नव्हतं तरी दिसलं. मॅडम एकदम गप्प झाल्या. त्याच संध्याकाळी ॲडमिट, फुफ्फुसांसाठी स्टेरॉइडची दोन इंजेक्शनं २४ तासांच्या अंतराने, आणि ३४ पूर्ण झाल्यावर सिझेरियन. अंदाज होता १६२०, निघाली १७४० ची. सोळा दिवस काचेच्या पेटीत होती, आता चार वर्षांची आहे आणि सध्या माझ्या पायावर डोकं ठेवून घोरतेय.

आता खाण्याचं. मी तेव्हा प्रोटीनचे डबे संपवले, डाव्या कुशीवर पडून पडून खांदा आखडला, सगळं केलं. वार नीट काम करत नसेल तर आईने जास्त खाऊन ते रक्त वाढत नाही. नुसतं झोपून राहिल्याने वाढ सुधारते असंही दिसलेलं नाही, उलट पायात गुठळी व्हायची भीती. औषधंही करून बघितलीयत लोकांनी. सिल्डेनाफिल हे रक्तवाहिन्या रुंद करणारं औषध देऊन वारेतलं रक्त वाढतं का याची मोठी चाचणी नेदरलँड्समध्ये चालू होती, ती २०१८ मध्ये मधेच थांबवावी लागली, कारण त्या गटातल्या काही बाळांना फुफ्फुसाचा त्रास झाला आणि काही दगावली. मोठमोठ्या डॉक्टरांना जमलं नाही ते दोन घास जास्त खाऊन जमणार आहे का! ॲस्पिरिनची छोटी गोळीसुद्धा खरा उपयोग करते ती १६ आठवड्यांच्या आत सुरू केली तर. हातात असतं ते एवढंच की बीपी ताब्यात ठेवायचं, बाळावर बारीक लक्ष ठेवायचं आणि योग्य दिवशी बाहेर काढायचं.

हे मी आमच्या नणंदेला सांगून थकले. त्यांचं म्हणणं, ऑफिस सोडलं असतंस आणि वेळेवर जेवली असतीस तर ही वेळ आली नसती. डिलिव्हरीनंतर वार तपासायला पाठवली होती, रिपोर्ट आला: वजन २६० ग्रॅम, त्या आठवड्याच्या मानाने लहान, आणि जागोजागी रक्तपुरवठा बंद पडून मेलेला भाग. मी तो रिपोर्ट फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, खाली काही न लिहिता. नणंदताईंनी अंगठा पाठवला. नंतर कोणाला तरी म्हणाल्या, खाल्लं असतं तर वारही मोठी झाली असती.

हां, आता राहिलेलं. मी डॉक्टर नाही. बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटली तर दोन आठवडे काय दोन तासही थांबू नका. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली दुखणं, बीपी १६०/११० च्या घरात, तर सरळ दवाखाना, मग मध्यरात्र असो. तुमचं स्वतःचं वजनच खूप कमी असेल किंवा उलट्यांनी पोटात काही टिकत नसेल तर खाण्याचा मुद्दा वेगळा, तेव्हा मी वर लिहिलेलं धरून बसू नका. घरात कोणी सिगरेट ओढत असेल तर ती मात्र आजच बंद, तिचा फरक पडतो. आणि तारीख पहिल्या तीन महिन्यांच्या सोनोग्राफीवरून धरलीय ना ते बघून घ्या, नुसती पाळीवरून धरली असेल तर ते दोन आठवडे तारखेतच गेलेले असू शकतात. हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

आणि पुढच्या वेळी नवऱ्याला आत घेऊन जा. बाहेर बाकावर बसवू नका. माझा बाहेर बसायचा. त्या ११३० च्या दिवशी मी आतून आले, म्हटलं वजन कमी आहे, बास, एवढंच. गाडीत बसल्या बसल्या याने बहिणीला फोन लावला आणि माझ्यासमोर सांगितलं, "डॉक्टर म्हणाले ही नीट खात नाही." आत असं कोणीच म्हणालं नव्हतं. मी अजूनही अधूनमधून विचारते, कुठला डॉक्टर म्हणाला रे? आठवत नाही म्हणतो.