नाशकात नवीन रूम घेतोयस? मग आधी हे वाच

भावा, कॉलेज रोडलाच रूम पाहिजे हा हट्ट पहिले सोड. तिथं फक्त भाडंच जास्त नाही, खाली उतरलं की चहा, सँडविच, शेक, सगळं खिशालाच लागतं. मी पहिलं वर्ष तिथंच काढलं आणि महिन्याच्या २० तारखेलाच घरी फोन, "आई, थोडे पाठव ना". नंतर पंचवटीत तिघांत मिळून रूम घेतली, लांब पडतं थोडं, पण सिटीलिंकचा (शहर बसचा) विद्यार्थी पास काढला की गाडी अन् पेट्रोलची भानगडच नाही.

डिपॉझिट देताना परत कधी अन् किती कापून मिळणार ते लिहून घे, माझे एका मालकाने रंगाच्या नावाखाली कापले होते, तोंडी बोलण्याला काही अर्थ नसतो रे.

मेस लावताना आधी दोन दिवस सुटं जेवून बघ, आणि शनिवार-रविवार घरी जाणार असशील तर खाडा धरतात का ते विचार. भाजी बुधवारच्या बाजारात गोदाकाठी, संध्याकाळी उशिरा गेलास तर अजून स्वस्त. मिसळ रविवारीच, रोज नाही (हे मलाही जमत नाही).

आणि महाडीबीटीचा (सरकारी स्कॉलरशिपची साईट) फॉर्म शेवटच्या दिवसावर ठेवू नको, साईट हँग होते. बँक खातं आधारला लिंक आहे का ते आजच बघ, नाहीतर स्कॉलरशिप मंजूर होऊनही अडकते. सरकारी हॉस्टेलला नंबर नाही लागला तर राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी एससीला स्वाधार, एसटीला स्वयं योजना आहे, समाजकल्याण किंवा आदिवासी विकासच्या ऑफिसात जाऊन विचार.