मॅक्सवेलची चकती पांढरी का दिसत नाही?

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी मॅक्सवेलची रंगचकती केली. लाल, हिरवा, निळा असे तीन सारखे भाग रंगवले. मोटरवर फिरवल्यावर पांढरा दिसेल असं वाटलं होतं, दिसला राखाडी. परीक्षकांनी प्रयोग फसल्याचं सांगितलं. चूक कुठे झाली?
– विज्ञान शिक्षिका, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : प्रयोग फसलेला नाही, मुलांना हे आवर्जून सांगा. ही चकती वापरणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेललाही राखाडीच मिळाला होता आणि त्याने तो मोजला. १८५५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने मांडलेलं समीकरण असं : हिंगुळाचा लाल ३७, अल्ट्रामरीन निळा २७ आणि एमराल्ड हिरवा ३६ भाग फिरवले, तर ते पांढरा २८ आणि काळा ७२ भागांच्या मिश्रणासारखे दिसतात. म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश काळाच!

कारण सोपं आहे. लाल कागद उजेडातला मुख्यतः लाल भागच परत पाठवतो, आणि तोही फेरीच्या तिसऱ्या हिश्श्यापुरताच डोळ्यात येतो. चकतीवर रंगांची सरासरी होते, बेरीज नाही. बेरीज हवी असेल, तर लाल, हिरव्या, निळ्या दिव्यांचे झोत भिंतीवर एकाच जागी पाडा. तिथे पांढरा मिळेल.

मॅक्सवेलच्या पद्धतीने चकती करायची, तर रंग एकाच पुठ्ठ्यावर भरू नका. जाड ड्रॉइंग पेपरच्या १० सेंमी व्यासाच्या तीन चकत्या घ्या, पोस्टर कलरने एकेक रंगवा आणि प्रत्येकीला कडेपासून मधल्या भोकापर्यंत एक सरळ चीर द्या. चिरांतून त्या एकमेकींत अडकवल्या की सरकवून हवा तेवढा रंग उघडा ठेवता येतो. त्यांच्यावर ६ सेंमीच्या काळ्या-पांढऱ्या चकत्या तशाच बसवा. सगळ्यांच्या मागे एक गोल पुठ्ठा ठेवा आणि त्याच्या कडेला १०० खुणा करा. एक भाग ३.६ अंशांचा.

आता फिरवा. बाहेरचं कडं लालसर वाटलं तर लाल थोडा झाका. रंगछटा जुळली पण आतला भाग उजळ राहिला, तर पांढरा कमी करा. सीमारेषा दिसेनाशी झाली की आकडे वाचा. तुमचे आकडे मॅक्सवेलपेक्षा वेगळे येतील, कारण रंगद्रव्यं वेगळी आहेत.

घोटीव कागद वापरू नका, त्याची चकाकी पांढऱ्याची भर घालते. रंग लुकलुकत असतील तर वेग कमी पडतोय. सेकंदाला तीसेक फेऱ्या तरी हव्यात. काही ट्यूब आणि एलईडी दिवे स्वतःच लुकलुकतात, त्यामुळे खिडकीतल्या उजेडात बघा, पण थेट ऊन नको. पिवळ्या बल्बखाली जुळणी बदलते. मॅक्सवेलनेही गॅसबत्तीत हेच नोंदवलं होतं. रंगांधळेपणा असलेल्या मुलाची जुळणीही वेगळी येऊ शकते. त्याचा आकडा चुकीचा म्हणून खोडू नका, शेजारी लिहा.

प्रश्न : १८६१ मध्ये मॅक्सवेलने रंगीत फोटो दाखवला. तेव्हा फोटो ज्या रसायन लावलेल्या काचांवर घेत, त्यांच्यावर लाल प्रकाश उमटतच नव्हता, मग लाल आला कुठून?
– वाचक, मिरज

उत्तर : शंका अगदी बरोबर आहे. मॅक्सवेलसाठी छायाचित्रकार थॉमस सटनने एका रंगीत फितीचे लाल, हिरव्या, निळ्या द्रावणांआडून वेगवेगळे फोटो घेतले आणि ते तशाच प्रकाशात पडद्यावर एकावर एक पाडले गेले. शंभर वर्षांनी झालेल्या तपासणीत उलगडा झाला : फितीच्या लाल भागातून अतिनील किरणही परावर्तित होत होते, लाल द्रावण ते थोडे जाऊ देत होतं, आणि काचेवर उमटले ते तेच.