पेटीच्या पट्ट्यांचा स्कार्फ

अगं, गुरुजींसाठी पहिलाच स्कार्फ विणतेस तर सारेगमची अक्षरं विणायच्या भानगडीत पडू नकोस. पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, पट्ट्या कर, लांबूनही ओळखू येतात.

आपल्या जळगावात थंडी जेमतेम दोन महिने, म्हणून जाड लोकर नको. मऊ सुती धागा आणि 4 मिमीची क्रोशाची सुई घे. साधारण 18 सेंमी रुंदी होईल इतक्या साखळ्या घालून पांढऱ्या खांबांच्या (उंच टाक्यांच्या) ओळी विणत जा. दर 7 सेंमीला काळ्या मुक्या खांबांची (बुटक्या टाक्यांची) एकच ओळ, ती दोन पट्ट्यांमधली फट. अशा 21 पट्ट्या म्हणजे तीन सप्तकं, लांबी दीड मीटरच्या आसपास.

काळ्या पट्ट्या वेगळ्या विण, 11 बाय 4 सेंमीच्या, आणि फटींवर एका काठाला लावून शिव. इथेच सगळे चुकतात! प्रत्येक फटीवर काळी नसते. आधी दोन, मग तीन. पांढरी तीन आणि चारच्या मध्ये काही नाही, सात आणि पुढच्या एकच्या मध्येही नाही. सप्तकाला पाच, एकूण पंधरा. चूक झाली तर पेटी वाजवणाऱ्याला पहिल्या नजरेत कळेल, आणि तो बिचारा तोंडदेखलं छान म्हणेल.

काळा धागा आधी ओला करून पांढऱ्या फडक्यात पिळून बघ. माझा एक स्कार्फ पहिल्याच धुण्यात राखाडी झाला होता. टोकं नुसती कापू नकोस, सुईने आत ओवून घे.